दहा मिनिटांची सेटिंग

तापलेल्या धुळीत मिसळलेला उदबत्तीचा वास आला की सातपूरचं ते डीटीपीचं दुकान आठवतं. कंत्राटदाराविरुद्धचं कंत्राटी कामगारांचं पत्रक सकाळी कारखान्याच्या गेटवर वाटायचं होतं, आणि मी चहाला उठले की कॉम्प्युटर बंद पडून मजकूर जात होता. “ताई, आधी सेव्ह करायला शिका, मग क्रांती करा,” दुकानदार हसला. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी सेटिंग उघडली. दहा मिनिटं हात लागला नाही की बंद, हे त्याने फक्त माझ्याच मशीनला लावलं होतं. मी ते काढलं आणि तो जेवायला गेल्यावर त्याच्या मशीनला लावलं. तिथे त्याच कंत्राटदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अर्धा झाला होता. परत येऊन तो किंचाळला. “भाऊ, आधी सेव्ह करायला शिका,” छापायला तयार पत्रक उचलत मी म्हणाले. पश्चात्ताप आजही होत नाही. चहाला उठताना सेव्ह मात्र करते.