मेजरच्या हातची झीज

माझ्या दादाला सगळे मेजर म्हणतात. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की तो हिरवा रंग लावतो. आयुष्यात त्यानं बंदूक हातात धरली असेल तर ती लाकडाची, नाटकातली, आणि तीही रंगवायला. पण गाडी बघायला आलेला कुणीतरी एकदा त्याला मेजर म्हणाला, दादा नुसता हसला, आणि झालं. आता फोनवर लोक विचारतात, "मेजरसाहेब आहेत का?" मी म्हणते, "आहेत, स्वप्नं बघताहेत."

खोटं नाही सांगत. धंदा सांगते, म्हणजे कळेल. मिलिटरी थाटाच्या जुन्या गाड्या आम्ही घेतो आणि शौकिनांना विकतो. चौकोनी तोंड, सपाट काच, पाठीला टांगलेलं जादा चाक, आणि जमिनीपासून इतकी उंच की चढताना गुडघा कुरकुरावा. ह्या गाड्या कारखान्यातून निघतात त्याच तुमच्याआमच्यासाठी. लढाई त्यांनी कधी पाहिलेली नसते. दुकान ते घर आणि घर ते शाळा एवढाच मुलूख मारून त्या आमच्याकडे येतात. पण शौकिनाला कशी हवी असते? वाळवंटं आणि डोंगर पालथे घातल्यासारखी. नवाकोरा चकचकीत रंग दाखवला की त्याचं तोंड एवढंसं होतं. म्हणून गाडी जुनी करायची. ते काम दादाचं.

आधी तो नाटकांचे पडदे रंगवायचा. कोऱ्या कापडावर शंभर वर्षांची भिंत उभी करायचा, ओल आलेली, पोपडे सुटलेली. नाटकं बंद पडली तेव्हा मी त्याला इथे आणला. वाटलं, आठवड्याला दोन गाड्या काढेल. कसलं काय! महिन्याला एक निघाली तर नशीब.

कारण हा बाबा कामाला हातच लावत नाही. आधी गाडीत जाऊन बसतो. शेडच्या पत्र्याला भोकं आहेत, दुपारी त्यांतून उन्हाच्या काड्या खाली उतरतात, त्यांत धूळ तरंगत असते, आणि दादा स्टिअरिंगवर हात ठेवून, डोळे अर्धे मिटून बसलेला. एक दिवस, दोन दिवस, कधी आख्खा आठवडा. मी चहा घेऊन जाते आणि विचारते, "काय रे, सुरुवात कधी?" तो म्हणतो, "अजून तो आला नाही."

तो म्हणजे, ही गाडी ज्यानं चालवली असती, तो. दादाचं म्हणणं असं, की झीज नुसती घासून येत नाही, ती कुणाची तरी असावी लागते. बुटका माणूस सीटची पुढची कड झिजवतो. कुणी खिडकीत कोपर टेकून चालवतो, कुणी दार पायानं ढकलून उघडतो. एकदा तो माणूस मनात आला की मग दादा जेवायलाही उठत नाही. पॉलिश पेपर, चिंध्या, तळहात, गार झालेला चहासुद्धा वापरतो. आणि त्या माणसाच्या गोष्टी मला सांगत बसतो. ह्याला गाण्याची शेवटची ओळ कधी आठवायची नाही. ह्याला नदी दिसली की थांबायचंच असायचं.

आधी मी वैतागायचे. "तुझ्या त्या माणसाला सांग, गाडी शनिवारी द्यायचीये!" पुढे पुढे, काय सांगू, संध्याकाळी शेड बंद करताना मलाच वाटायला लागलं, की गाड्यांतून कुणीकुणी उतरून आत्ताच बाहेर गेलंय, जरा वेळानं परत येतील. मी भरभर कुलूप लावायचे आणि स्वतःलाच रागवायचे.

एक मात्र आहे, आम्ही कुणाला फसवत नाही. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, झीज हातानं केलेली आहे. पण पाटी वाचतं कोण!

तर एक गाडी आमच्याकडे आठ महिने उभी होती. दातांच्या डॉक्टरची. त्यानं ती नऊ वर्षं दवाखाना ते घर अशी चालवली, आणि तिला चिखल लागला असेल तर तो बागेतल्या नळाखालचा. दादानं तिच्यावर दीड महिना घालवला. शौकीन यायचे, चक्कर मारायचे, आत बसायचे आणि म्हणायचे, "छान आहे, पण ही लढलेली वाटत नाही. नुसती वापरलेली वाटते." मी हात टेकले. दादाला बजावलं, "ह्या महिन्यात गेली नाही, तर तुझं सगळं घासून काढणार आणि वर नवा रंग मारणार." तो दोन दिवस माझ्याशीच बोलला नाही.

एका सकाळी दाट धुकं होतं. फाटकाच्या पलीकडचा रस्ताच दिसत नव्हता, शेडमधल्या गाड्यासुद्धा अर्ध्याच दिसत होत्या. त्या धुक्यातून एक गृहस्थ आले. पायात नवेकोरे जाड बूट, बोलणं सगळं चाकांच्या मापांचं. बघताक्षणी ओळखावा असा शौकीन. बरोबर त्यांच्या सासूबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी. घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून आणलं, असं जावईबापू मला हळूच म्हणाले. बाई मात्र खमक्या होत्या. आम्ही कागद बघत होतो तेवढ्यात त्या डॉक्टरच्या गाडीत कुणाचाही हात न धरता चढून बसल्या, तेही स्टिअरिंगसमोर.

मी म्हटलं, "मावशी, सांभाळून हं."

त्यांचं लक्षच नव्हतं. स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डवर तळहाताएवढा भाग झिजून गुळगुळीत झालेला होता, म्हणजे दादानं केलेला होता. त्यावर त्यांनी आपला हात ठेवला होता.

"ही माझ्या भावाची गाडी आहे," त्या म्हणाल्या.

जावई म्हणाले, "आई, अहो..."

"गाडी सुरू करायच्या आधी तो तीन थापा मारायचा. कुठलीही गाडी असो. अगदी सायकललासुद्धा. आमची आई म्हणायची, अरे, तो काय बैल आहे का?" त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांचा धाकटा भाऊ सैन्यात ड्रायव्हर होता. बावीस वर्षांचा असताना गाडी घेऊन गेला, तो परत आला नाही. गाडीही नाही. घरी कागद आला त्यावर एवढंच होतं, बेपत्ता. "पन्नास वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते ना, गाडी कुठेतरी असणार. गाडी म्हणजे काही सुई नाही हरवायला."

जावयांनी मला बाजूला घेतलं. चष्मा काढून पुसत म्हणाले, "गाडी नऊ वर्षांची आहे, मला दिसतंय. पण बघा ना त्यांच्याकडे! इतकी वर्षं कुठलीही हिरवी गाडी दिसली की वाकून आत बघतात. तुम्ही काही बोलू नका. मी गाडी घेतो."

मी कशाला बोलतेय! खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. बाईंचा चेहरा उजळलेला होता, गाडी जाणार होती, दादाचं काम वाचणार होतं. ह्यात कुणाचं काय बिघडत होतं? आणि नेमका तेव्हाच दादा चिंधीला हात पुसत मागच्या बाजूनं आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे डोळे वटारले, मान हलवली, ओठावर बोट ठेवायचंच काय ते बाकी होतं.

"मावशी," दादा म्हणाला, "ही तुमच्या भावाची गाडी नाही. दातांच्या डॉक्टरची आहे. ती जागा मी घासलीये. ह्याच हातानं."

मला त्याचा असा संताप आला म्हणता! वाटलं, हातातली फाइल त्याच्या डोक्यात घालावी. बाईंनी डॅशबोर्डवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्याकडे बघवेना. जावई म्हणाले, "आई, चला, घरी जाऊ." त्या उठल्या नाहीत. बाहेर धुकं जरा पातळ झालं होतं.

मग त्यांनी दादाला विचारलं, "तुम्ही त्याला ओळखत होता?"

"नाही."

"मग हे कसं केलंत?"

"इथं बसलो होतो," दादा म्हणाला. "चार दिवस कुणीच आलं नाही. पाचव्या दिवशी हा आला. गाडी सुरू करण्याआधी हिला थाप मारायचा. मग मी घासायला घेतलं."

दुसरं कुणी असतं तर दादाला वेड्यात काढलं असतं. बाईंनी नाही काढलं. मग पुढे वाकून त्या जागेकडे नीट बघत म्हणाल्या, "माझा बावीसचा होता हो. दोन वर्षं जेमतेम चालवली असेल त्यानं. दोन वर्षांत इतका रंग जातो?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. अरे, आता तरी हो म्हण! पण दादा पुढे झाला, दुसऱ्या कुणी केलेलं काम तपासावं तशी त्यानं ती जागा बोटानं चाचपली आणि म्हणाला, "नाही जात. नुसत्या तळहातानं एवढा रंग जायला आणखी तीस वर्षं लागतात."

"तीस?"

"तीस तरी."

बाईंचे ओठ हलले. "म्हणजे बावन्न," त्या म्हणाल्या. "केस पिकले असतील."

"कानांजवळ," दादा म्हणाला. "आणि चष्मा. लांबचा नाही, जवळचा."

"आमच्या घरी सगळ्यांनाच जवळचा." त्यांनी हात परत त्या जागेवर ठेवला. "जाडा झाला होता का हो? लहानपणी नुसता काडी होता."

"सीट बघा ना किती मागे घेतलीये. पोट अडायचं."

त्या खळखळून हसल्या. जावई माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. बाईंना सगळं स्वच्छ ठाऊक होतं, डॉक्टर, नऊ वर्षं, पॉलिश पेपर, सगळं. तरी त्या विचारत होत्या आणि दादा सांगत होता. तो कुठे राहायचा, सकाळी किती वाजता निघायचा, चढावर गाडी कुरकुरली की तिला काय म्हणायचा.

मग त्यांची नजर शेजारच्या सीटवर गेली. सीटखालच्या पत्र्यावर, अगदी खाली, बारीक बारीक पोचे आणि ओरखडे होते. आठ महिन्यांत ते मलाही दिसले नव्हते.

"आणि हे काय?"

"तिथं त्याची मुलगी बसायची," दादा म्हणाला. "पाय खाली पुरायचे नाहीत. मग टाचा आपटत बसायची. तो ओरडायचा, पण खोटंखोटं."

"मुलगी," त्या म्हणाल्या. आणि जावयांकडे वळून, घरातली बातमी सांगावी तशा म्हणाल्या, "मला भाची आहे."

जावयांनी तोंड फिरवलं. मी मान वर केली, तर माझा भाऊ समोर मळकी चिंधी घेऊन धडधाकट उभा होता.

"नाव काय तिचं?" बाईंनी विचारलं.

दादा ओशाळला. "नावं मला कधीच कळत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही ठेवा. आत्या आहात ना तिच्या."

त्या हळूहळू सरकत शेजारच्या सीटपाशी गेल्या, पण तिच्यावर बसल्या नाहीत. ती जागा मोकळी सोडून, आपल्याच सीटच्या कडेला टेकल्या. पुष्कळ वेळ विचार केला. मग त्या रिकाम्या सीटकडे वाकून त्यांनी एक नाव घेतलं, इतकं हळू की दोन पावलांवर असून मला ते ऐकू आलं नाही.

दादाला ऐकू गेलं. "हो," तो म्हणाला, "तेच."