केबिनबाहेरचं स्टूल

त्या मॅनेजरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी कोंढ्याला परत आलो, तेव्हा आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझी सगळी नोकरी बायकोनं माझ्या मोठ्या भावाच्या घरातल्या एका खोलीत काढली. जावेचा स्वयंपाक उरकेपर्यंत चूल मोकळी मिळायची नाही, तोवर ही परात घेऊन दारात बसून राहायची. दर सुटीत मी सांगायचो, पेन्शनवर आलो की पहिलं तुझं घर. प्लॉट तिच्या नावानं घेऊन ठेवला होता. कर्ज तेवढं हवं होतं.

तालुक्याच्या बँकेत गेलो. केबिनबाहेर एक स्टूल होतं. "थोडं बसा, बोलावतो," मॅनेजर म्हणाला. दुपार टळल्यावर बोलावलं. फाईल उघडलीसुद्धा नाही. "पेन्शनवाल्यांना घरासाठी कर्ज देत नाही आम्ही. या आता."

आणि मी काय केलं? "जी सर" म्हणालो, टाचा जुळवल्या, पीछे मुड केलं आणि बाहेर आलो! साहेब नाही म्हणाला की नाही, हे हाडात मुरलेलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "पेन्शनवाल्याईले काहून नाई म्हने?"

"मले का मालूम."

"मंग तुमी पुसलं काहून नाई?"

त्या पीछे मुडची लाज मला अजून वाटते, आणि ती आठवली की त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटतं.

पुढे त्याच शाखेला बंदूकधारी चौकीदाराची गरज पडली. असल्या जागी आमच्यासारखे माजी सैनिकच घेतात, आणि माझ्याजवळ परवान्याची दुनळी होती. मॅनेजरनं मला ओळखलंही नाही. बरंच झालं.

दारात दिवसभर उभं राहून करायचं काय? समोरच्या भिंतीवर बँकेच्या सूचना लावल्या होत्या. त्या मी पाठ केल्या. त्यांत एक होती : कर्जाचा अर्ज नाकारल्यास कारण लेखी दिलं जाईल. ती वाचून मी एकटाच हसलो.

लाखांदूरहून, खेड्यापाड्यांतून फौजी एसटीनं यायचे, स्टुलावर ताटकळायचे आणि आत जाऊन पीछे मुड करून परत यायचे. प्रत्येकाची पाठ मला माझीच वाटायची. मी एकेकाला चहाच्या टपरीवर गाठू लागलो. "अर्जाच्या नकलेवर शिक्का मार म्हना. नाई म्हटलं तर कारन लिहून माग. कागद हातात येईस्तोवर सावधान. पीछे मुड नाई!"

मग मजा बघावी. टेबलासमोर एक सुभेदार, एक नायक, एक शिपाई, तिघंही लेखी कारण मागून सावधानमध्ये. मॅनेजर घामाघूम. लिहिणार काय? महिन्याच्या महिन्याला बँकेतच येणारी पेन्शन, कारण होतंच कुठे? त्यांना घालवायला उठला तर मी दारातून विचारायचो, "काही मदत, सर?" पहिलं कर्ज मंजूर झालं, मग दुसरं, मग ओळीनं. सर्वांत शेवटी मी माझी फाईल ठेवली. त्यानं मान वर न करता सही केली. ती सही पाहताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा प्रमोशनलाही झाला नव्हता.

पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. घर झालं, तसं मी मुद्दाम त्याला गृहप्रवेशाची पत्रिका दिली. सकाळी बुद्धवंदना झाली, खीर वाटणं सुरू झालं, आणि साहेब आले. दाराबाहेर उन्हात मी स्टूल मांडून ठेवलंच होतं.

"थोडं बसा, बोलावतो."

तो बसला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं. पाहुणे त्याच्या बाजूनं आत जात होते. मी चौकटीला टेकून त्याच्या कपाळावरचा घाम बघत होतो. फार बरं वाटत होतं.

पांढऱ्या साडीतली बायको नव्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कवापासून बसवून ठेवलं त्याईले?"

"त्यानं मले जेवढा वेळ बसवलं, तेवढा वेळ बसन."

"तुमी एक दिस बसले," ती म्हणाली. "मी तुमची सारी नोकरी दुसऱ्याच्या दारात बसली. माह्या दारात कोनी असं बसाचं नाई."

तिनं त्याला आत नेलं आणि आपल्या हातानं खीर वाढली. माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता. पण घर तिचं होतं. मी रिकाम्या स्टुलावर जाऊन बसलो.