फ्रीजमधला रोल

निवृत्तीनंतर कॅमेरा शिकायला घेतला आणि ब्लॅक अँड व्हाइट रोलसाठी गावातले फोटो स्टुडिओ पालथे घातले. "मोबाइलवर काळा-पांढरा करून देतो की," हेच सगळीकडे! शेवटच्या दुकानातल्या बाईंनी मात्र फ्रीज उघडला आणि दह्याच्या भांड्यामागून एक रोल काढला.

"याची तारीख उलटून गेलीय हो," मी डबी निरखत म्हणालो.

"असू दे. थंडाव्यात टिकतो रोल, फोटो येतात त्याच्यावर. फक्त उजेड जरा जास्त द्यायचा."

माझी तारीख उलटल्याचं ऑफिसनं शाल-श्रीफळ देऊन जाहीर केलं होतं. उजेडाचं कोणी बोललं नव्हतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. एरवी मी सावली धरून चालतो. आज रोल खिशात घालून उन्हाच्या बाजूनं घरी निघालो.