त्रेचाळीसावं विधान

डंपर चालवण्याच्या परीक्षेत रंजीता निमगडे चौदा मुलींमध्ये दुसरी आली आणि स्वभावाच्या परीक्षेत नापास झाली. अशी काही परीक्षा असते, हेच तिला चंद्रपूरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. कोळसा खाणीत शंभर टनांची गाडी हाती द्यायची तर माणूस कसा आहे तेही बघायला हवं, असं कंपनीचं म्हणणं. दीडशे विधानांची पुस्तिका. प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’वर पेन्सिलीनं खूण करायची. रंजीताच्या कागदावर शेरा आला, ‘उत्तरे विश्वासार्ह नाहीत.’ दहा दिवसांनी, शनिवारी, एकच संधी आणखी मिळणार होती. त्यातही राहिली तर बॅग उचलून घरी.

घरी म्हणजे वरोऱ्याजवळचं गाव आणि ट्रॅक्टरच्या शोरूममधली जुनी खुर्ची. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेल्या मुलीला तिथे सर्व्हिसिंगच्या तारखा फोनवर कळवायचं काम दिलं होतं. इंजिनाला हात लावायला पुरुष होते. दोन वर्षं तिनं त्या खुर्चीत काढली, खरं म्हणजे खुर्चीभोवती काढली.

कारण बसणं तिला जमतच नसे. पाय हलायचा, बोटं टेबलावर वाजायची, कुणाचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं सुरू व्हायचं. चौथीत गुरुजींनी तिला भिंगरी म्हटलं आणि ते नाव गावानं उचललं. मग अशी गंमत झाली की ती कधी शांत बसलीच तर लोक विचारत, ताप आहे का? त्या चौकशीपेक्षा पाय हलवणं बरं. घरी पाहुणे आले की आई गिरजाबाई तिच्या शेजारी बसून तिचा गुडघा हळूच दाबून धरायची. एका स्थळाकडच्या आत्यानं चहा संपायच्या आत सांगून टाकलं होतं, “पोरगी हुशार आहे, पण बुड टेकत नाई.” शिक्षण, नोकरी, सगळं त्या एका वाक्यापुढे फिकं पडलं. तेव्हापासून रंजीतानं धरून ठेवलं की आपला स्वभाव ही चार माणसांत झाकायची गोष्ट आहे.

पहिल्या परीक्षेत तिनं तो झाकला, तोही पुरता. मला राग येतो? नाही. मी कधी खोटं बोलले आहे? नाही. कुणाच्या माघारी त्याच्याबद्दल वाईट बोलले आहे? नाही. असा माणूस कुठल्याच गावात नसतो, आणि पुस्तिका बनवणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. अशी दहाबारा विधानं ते मुद्दाम पेरून ठेवतात. तिथे जो संत निघतो, त्याची बाकीची उत्तरंही कुणी धरत नाही.

तिच्यासोबत आणखी एक जण नापास झाली होती, तिच्याच खोलीतली सुकरी. ही भामरागडच्या पलीकडची. पावसाळ्यात नदी चढली की तिच्या घरचा निरोप आठ-आठ दिवस येत नसे. आश्रमशाळेत शिकली, बोलायची मोजकं, आणि गाडी चालवण्यात चौदा जणींत पहिली. तिनं दीडशेपैकी नव्वद विधानं कोरीच सोडली होती. रंजीतानं कारण विचारलं तेव्हा सुकरीलाच नवल वाटलं. मी कशी आहे हे मीच कसं सांगणार? ते बघणाऱ्यानं सांगायचं असतं. तिच्या घरी कुणी ‘मी मेहनती आहे’ म्हणालं असतं तर आजीनं त्याला विहिरीवर पाठवलं असतं, दाखव म्हणून.

रंजीताचा भाऊ निकेश स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचा. त्यानं कुठून तरी मिळवून तीच पुस्तिका मोबाइलवर पाठवली, उत्तरांसकट. पेरलेल्या विधानांना थोडं वाईट व्हायचं, बाकी सगळीकडे चांगलं. त्रेचाळीसावं विधान होतं, ‘मी बराच वेळ स्वस्थ बसू शकते.’ त्यापुढे निकेशनं मोठ्ठं ‘होय’ लिहिलं होतं. “नुसतं पाठ कर,” तो फोनवर म्हणाला. “तुह्यं डोकं त्यात लावू नको.”

रविवारी दुपारी रंजीता खोलीत फेऱ्या मारत ते पाठ करत होती. सुकरी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सुचवलं की आपण एकमेकींचे कागद भरून बघू, निदान कोरे तरी राहणार नाहीत. दोघींनी वहीची पानं फाडली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. रंजीता मध्ये चारदा उठली.

सुकरीनं भरलेलं पान हातात आलं तेव्हा रंजीताचे कान तापले. पटकन राग येतो, होय. राग लवकर उतरतो, होय. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते, होय. न सांगता दुसऱ्याचं काम करून टाकते, होय. इतकं सरळ तिच्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. त्रेचाळीसपुढेही होय होतं.

“बाकी सगळं खरं लिवलं,” ती म्हणाली, “अन् इथी मले बरं वाटावं म्हणून काऊन लिवून राह्यली?”

“बरं वाटावं म्हणून नाई. शॉवेलनं माल भरेपर्यंत रांगेत पाऊण पाऊण तास थांबावं लागते. मी मागच्या गाडीतून पाह्यते ना. तुह्यं डोकं पण हलत नाई.”

“ते गाडीत.”

“मग गाडीत कोण बसते? तुह्यी बहीण?”

रंजीता त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही. राग असा नव्हता. चौथीपासून आपण ज्या नावानं ओळखले गेलो त्यावर कुणी असं सहज बोट ठेवावं, आणि तेही चार महिन्यांच्या ओळखीवर, हे तिला सोसेना. सोमवारी खाणीतल्या सरावाला ती मुद्दाम लक्ष ठेवून गाडीत बसली. शिडी चढून केबिनमध्ये गेली, इंजिनाची घरघर अंगात भरली, समोर कोळसा उचलणाऱ्या शॉवेल यंत्राचा दात वर-खाली होत होता. आपण खरंच बसलो आहोत असं मनात आलं मात्र, डावा पाय थरथरू लागला. मंगळवारी लक्षच ठेवलं नाही. खाली उतरल्यावर घड्याळात पन्नास मिनिटं झालेली दिसली. आता तिला कशाचाच भरवसा राहिला नाही. जेवताना, नळावर, कपडे वाळत घालताना ती स्वतःवर नजर ठेवून असायची आणि जितकी नजर ठेवावी तितकी चुळबुळ वाढायची.

शनिवारी तिनं निकेशची उत्तरं बाजूला ठेवली. रागाला होय म्हटलं, खोटं बोलण्याला होय म्हटलं, आणि हात हलका होत गेला. त्रेचाळीसवर तो अडला. ‘होय’वर खूण केली. पण हे तर निकेशचं. ती खोडून ‘नाही’वर केली. हे गुरुजींचं, त्या आत्याचं. पुन्हा खोडून ‘होय’वर केली, तर कागदाला भोक पडलं.

जेवणानंतर हर्षा मॅडमनी एकेकीला आत बोलावलं. त्या मानसशास्त्रज्ञ, नागपूरहून यायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी रंजीताचा कागद उजेडाकडे धरला. भोकातून खिडकी दिसली.

“इथे काय झालं?”

पेन्सिल जोरात लागली एवढं म्हणून सुटता आलं असतं. रंजीताच्या ओठांवर ते आलंही होतं. खरं सांगायचं तर सुकरीचं नाव निघणार, सुकरीपासून गोष्ट मोबाइलमधल्या पुस्तिकेवर जाणार, आणि मग नोकरी गेलीच. ती खुर्चीतून उठली.

“मॅडम, घरी विचारलं तर नाई. गाडीत विचारलं तर होय. तुम्ही एकच खूण करा म्हणता. मी कुठली करू?”

गाडीतलं तुम्हाला कसं कळलं, असं मॅडमनी विचारलं. सुकरीनं सांगितलं. कधी? रविवारी. रविवारी पुस्तिका कुठून आली? रंजीतानं सगळं सांगितलं, वहीच्या पानांसकट. फक्त भावाचं नाव घेतलं नाही. सांगताना ती टेबल आणि दार यांच्यामध्ये दोनदा जाऊन आली होती.

ती पुस्तिका सगळीकडे फिरते हे मॅडमना माहीत होतं, म्हणूनच त्या समोर बसून बोलायच्या. “स्वभाव आधार कार्डावरच्या नंबरासारखा असतो असं लोकांना वाटतं,” त्या म्हणाल्या. “कुठेही जा, तोच. आमच्या पुस्तिकाही बऱ्याचदा तसंच धरून चालतात. माणूस कुठे आहे, समोर काय आहे, आजूबाजूचे त्याला काय म्हणतात, हे विचारायचं राहून जातं.”

मग त्यांनी निर्णय सांगितला. रंजीताला घेणार. पण पहिले तीन महिने शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसेल आणि त्याचा अहवाल आल्यावर नोकरी पक्की होईल. पुस्तिका आधी पाहिली, हेही फाइलमध्ये लिहिलं जाईल.

रंजीताला आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग राग आला. चौदात दुसरी आलेली मुलगी, आणि तिच्या शेजारी तीन महिने राखण. ती तसं बोललीही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि निर्णय तसाच ठेवला.

“अन् सुकरीचं?” रंजीतानं विचारलं.

मॅडमनी दुसरा कागद पुढे सरकवला. या वेळीही अर्ध्याहून जास्त कोरा. कोरा कागद पुढे पाठवता येत नाही, असा नियम आहे, त्या म्हणाल्या. रंजीता दाराकडे गेली, बाहेरच्या बाकावर बसलेल्या सुकरीला हात धरून आत घेऊन आली आणि कुणी विचारायच्या आत सांगू लागली. धूळ बसवायला टँकरनं खाणीतल्या रस्त्यावर जास्त पाणी मारलं होतं त्या दिवशी सुकरीनं उतारावर गाडी थांबवली. गाडी शिकवणारे सर खालून ओरडत होते, मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या. ही शिडी उतरून खाली आली, बसून चिखल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, आता नाई, अर्ध्या तासानं. अर्ध्या तासानं सगळ्या गाड्या नीट उतरल्या. मागची पहिली गाडी रंजीताची होती.

“हे खरं आहे?” मॅडमनी सुकरीला विचारलं.

सुकरी म्हणाली, “तिनं पाह्यलं, मॅडम. तिलेच माहीत.”

मॅडमनी सुकरीच्या कागदाला एक नवा कागद जोडला, वर ‘सहकाऱ्याने दिलेली माहिती’ असं लिहिलं आणि पुस्तिका उघडली. हे चालेल की नाही ते वरचे ठरवतील, असंही त्यांनी बजावलं. मग कोऱ्या विधानांतलं पहिलं त्यांनी वाचलं. अशी ब्याऐंशी विधानं होती. रंजीतानं खुर्चीकडे पाहिलं आणि उभ्यानंच सांगितलं तर चालेल का, असं विचारलं.