सांतो दोमिंगोला दादाकडे

जाण्याआधी मी यादी केली होती. पाच दिवस, अकरा ठिकाणं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: दादाशी आईबद्दल बोलणे. ती ओळ पहिली हवी होती.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत होते. तिथून चार तासांच्या विमानप्रवासावर माझा मोठा भाऊ राहतो, हे कळल्यापासून आईने फोनवर एकच धोसरा लावला होता. "येवढी गेली हाइस, तर त्याला बघून ये. एकदा येऊन जा म्हणावं. तूच सांग, माझ्या तोंडून नको." आई चौऱ्याऐंशीची. तारापूरजवळच्या आमच्या गावात एकटी राहते, मी बोईसरहून जाऊन-येऊन करते. तिचं हृदय थकलंय. दिवाळीची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

दादा पर्यटकांच्या जहाजावर स्वयंपाकी होता. तिकडच्याच बाईशी लग्न करून सांतो दोमिंगो शहरात राहिला. सोळा वर्षांत घरी फिरकला नाही.

विमानतळावर म्हणाला, "बाय, किती जाड झालीस गं!"

"आणि तू टकला," मी म्हटलं. दोघं हसलो. तेवढंच.

पुढचे दोन दिवस त्याने मला जुन्या शहरात चालवलं. फरसबंदी रस्ते, पिवळट दगडाचं भलंमोठं चर्च, नदीच्या मुखावरचा किल्ला. "ही भिंत पाचशे वर्सांची हाय, बाय." आमच्याकडे किल्ल्यात झाडोरा माजतो, इथे प्रत्येक दगडापुढे पाटी. सगळं सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण ज्याला इथल्या दगडांची वयं पाठ, त्याला आईचं वय विचारल्यावर बोटांवर हिशेब करावा लागला.

तिसऱ्या दिवशी समुद्र. काचेसारखं पाणी, आत लांबवर गेलं तरी कमरेएवढंच. "दर्या असा असतो बघ," दादा म्हणाला. आमचा दर्या गढूळ, चिखलाचा. त्याच्यावरच हा जेवून मोठा झाला. मी गप्प बसले, कारण बोलायचं ते पाचव्या दिवशी ठरलं होतं.

चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही. शहराच्या कडेलाच जमिनीखाली गुहा आहेत, त्यांत हिरवी-निळी तळी. दगडी पायऱ्या उतरून खाली जायचं. शेवटच्या तळ्याकडे तराफ्यावरून नेतात, एक माणूस दोर ओढत असतो. त्या तराफ्यावर मी विचारलं, "दादा, आई फार दिवस नाही. तू कधी येणार?"

तो पाण्याकडेच बघत राहिला. "सोळा वर्सांनी इचारतेस? एकदा तरी कोणी इचारलं काय मला, कधी येतोस? आई फोनवर जेवलास का इचारते, पाऊस हाय का इचारते. मी समजलो काय समजायचं ते. परकी बायको केली ना मी."

आमच्यात दर्यावर गेलेल्याला कधी परतणार, असं विचारत नाहीत. विचारलं की दर्या माणसाला धरून ठेवतो म्हणतात. वडील होडीवर निघाले की आई पाठ करून मासळी निवडत बसायची. दादा जहाजावर गेला तेव्हा तिने तेच पाळलं, आणि आम्हीही.

"अरे, आपल्यात विचारत नाहीत! विसरलास?"

"जहाज सोडून बारा वर्सं झाली, बाय. हाटेलात कांदे कापतो मी. दर्यावर कुठे हाय?"

त्याची कीव यायला हवी होती. मला संताप आला. "मग बारा वर्षं काय आमंत्रणाची वाट बघत होतास? पत्रिका छापायला हवी होती का आईने?"

तराफेवाला गालात हसत होता. आम्ही नवरा-बायको आहोत असं त्याला वाटलं असावं.

"राग गेला की येईन," दादा म्हणाला.

गावी परत आल्यावर मी आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती अंथरुणावर उठून बसली. मग म्हणाली, "लाव फोन."

संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. दादाने उचलला. आईने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कधी येशील रे?"

"बघतो, आये."

तिने फोन माझ्या हातात दिला. "इचारलं. आता नाय येत तो," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आई नवरात्राच्या आधीच गेली. दादा फोनवर खूप रडला. तिकीट मिळत नाही, सीझन आहे, बायकोची तब्येत... मी मध्येच फोन ठेवला. दारात माणसं जमली होती, सगळं मलाच बघायचं होतं.