टाचणीबाईंनी धुतलेले कप

आयुष्यभर शिवणाचं मशीन चालवलेल्या या बाईंच्या ओठांत कायम दोन टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढल्या की बाई जे बोलत तेही टोचायचंच. म्हणून अख्खी गल्ली त्यांना टाचणीबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीने विम्याच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडली आणि कुठल्याशा लहान गावात कॉफीचं दुकान काढलं. बाई वर्षभर धुमसत राहिल्या, पण दुकान बघायला काही गेल्या नाहीत. आता ऑफिसने तिला परत बोलावलं होतं, हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. "तूच जा आणि घेऊन ये तिला. तुझ्यापुढे तिचं काही चालत नाही," असं नवऱ्याने सांगितलं आणि बाई सकाळच्या बसने निघाल्या.

दुकान सापडायला वेळ लागला. पोस्टामागच्या बोळात, पूर्वी लाँड्री होती त्या खोलीत ते होतं. बाईंना वाटलं होतं टपरी असेल. आत पाहतात तर कुठल्याही दोन खुर्च्या एकसारख्या नाहीत, पण एकही डुगडुगत नव्हती. जुन्या दाराची फळी घासूनपुसून तिचा काउंटर केलेला. भाजलेल्या कॉफीचा वास तर थेट बोळाच्या तोंडापर्यंत येत होता. बाईंनी सवयीने खुर्चीवरची उशी उलटी करून शिवण तपासली. सरळ होती. "हं," एवढंच त्या म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडून हे फार होतं.

आत कुणीच नव्हतं. मागच्या खोलीतून लेकीचा आणि कुणा पुरुषाचा आवाज येत होता. टेबलावर मात्र सहा कप मांडलेले, आणि प्रत्येकात वर काळा जाड चोथा तरंगत होता. "गिऱ्हाइकं उठून गेली तरी उष्टे कप तसेच! कार्टी आळशी ती आळशीच," असं पुटपुटत बाईंनी पदर खोचला आणि सहाही कप मोरीत ओतून लख्ख धुऊन टाकले.

तेवढ्यात लेक बाहेर आली. मागोमाग हॉटेलवाले एक गृहस्थ.

"आई! तू? आणि... कप कुठेत?"

"धुतले की. चिखल साचला होता नुसता."

लेकीने आईला बाजूला घेऊन सांगितलं. तो चिखल नव्हता, चव घेण्यासाठी मुरत ठेवलेली सहा तऱ्हांची कॉफी होती. हॉटेलवाले आज त्यातली एक पसंत करणार होते, आणि ही मागणी मिळाली तरच दुकान टिकणार होतं. हे कळल्यावर बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लेक हसली. "ही माझी आई. हिचे हात स्वस्थ बसत नाहीत. बसा, पुन्हा मांडते." आणि शांतपणे तिने सहा वेळा कॉफी तोलली, दळली, वर पाणी ओतलं. हाताची घाई नाही की तोंडाची कुरकूर नाही. टाचणीबाई कोपऱ्यातून तिचे हात बघत होत्या.

हॉटेलवाल्यांनी चमच्याने भुरके मारत एकेक कप चाखला आणि चौथ्यावर थांबले. "ही. वर्षभर हीच पाठवा."

"ती नको," लेक म्हणाली. "तो भाजणीचा घाणा चुकून चांगला उतरलाय. पुन्हा तसाच जमेल याची मला खात्री नाही. दुसऱ्या कपातली घ्या, ती मला रोज जमते."

बाईंच्या मनात आलं, हो म्हणून मोकळी हो की गं! गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः कितीदा "बघू, जमेल" म्हणून वेळ मारून नेली होती. ही पोरगी दुकान पणाला लावून खरं बोलत होती.

हॉटेलवाल्यांनी दुसरा कप पुन्हा चाखला, जरा विचार केला. "ठीक आहे. सोमवारपासून पाठवा."

ते गेले आणि टाचणीबाईंनी सहाही कप पुन्हा धुवायला घेतले, या वेळी लेकीला विचारून. आयुष्यात पहिल्यांदाच. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"काय गं, येते का ती?" नवऱ्याने विचारलं.

"मी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हीही विचारायचं नाही."