खंडारेंची जागची न हलणारी सायकल

चार मास्तर रोज एकाच टेबलाशी चहाला बसले की किस्से आपोआप साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. एकानं सांगितलेला दुसरा वाढवतो, तिसरा खोडतो, आणि उरतं ते सगळ्यांचं होतं. सत्तरच्या दशकात मी वाशीमच्या एका तंत्रशाळेत टर्नरच्या पोरांना शिकवायचो. शेजारच्या वर्कशॉपात खंडारे इलेक्ट्रिशियनचं शिकवायचे. आमच्या टेबलावरचे निम्मे किस्से त्यांच्या सायकलीचे.

*

खंडारेंचे वडील आसेगावला शेती करायचे. एके दिवशी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, पण पाय उचलेना. डॉक्टर म्हणाले, "रोज पाय चालवा, नाहीतर आहे तेवढाही जाईल."

खंडारेंनी त्यांना वाशीमला आपल्या घरी आणलं. पण म्हातारा व्यायामाचं नाव काढू देईना.

"काम ना धाम, अन् नुसता पाय हालवू? लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले येड लागलं."

मग खंडारेंनी एक जुनी सायकल लोखंडी स्टँडवर पक्की बसवली. पाठ टेकायला खुर्ची, पाय बांधायला पट्टा, चाकाला डायनॅमो आणि समोर बल्ब. पायडल मारलं की बल्ब लागायचा. निदान काही काम केल्यासारखं वाटेल, हा हेतू.

म्हाताऱ्यानं पायडल मारलं. बल्ब लागला. म्हातारा थांबला.

"काहून थांबले, बाबा?"

"उजेड पडला ना? मंग झालं. भर दिवसा लाइट कायले जाळून राह्यला?"

*

खंडारेंनी कुठल्याशा मासिकात कंप्युटरचं चित्र पाहिलं होतं. आम्ही कोणी तेवढंही पाहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रानं माणसाकडे बघून ठरवलं पाहिजे. भंगारातल्या टेलिफोनचे रिले, म्हणजे करंटवर उघडझाप करणारे खटके, आणून त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात बसवले. वेग वाढला की ब्रेक आवळायचा, वेग पडला की ब्रेक सैल व्हायचा आणि घंटी वाजायची. डब्यावर त्यांनी रंगानं लिहिलं, 'कंप्युटर'.

ही बातमी ऐकून आमचे प्रिन्सिपॉलसाहेब घरी आले. साहेब अंगानं भरलेले. कोट काढून बसले, पायडल मारायला लागले. थोड्याच वेळात ब्रेक सैल झाला आणि घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

"खंडारे, तुमचं यंत्र बिघडलं आहे."

"नाही साहेब. तुम्ही थकलात, असं ते म्हणतं."

साहेबांनी कपाळ पुसलं. "त्याला सांगा, मी थकलो नाही."

"सांगता येत नाही ना साहेब. ते फक्त पायाचं ऐकतं."

*

मंगरूळपीरचे एक वस्ताद तालमीत पोरं तयार करायचे. त्यांनाही सायकल बघायची होती. ते बसले, खंडारे आत चहा सांगायला गेले, आणि तेवढ्यात लाइट गेली.

आता त्या ब्रेकची गंमत अशी, की तो सैल व्हायला घरच्या लाइनचा करंट लागायचा. करंट नसला की तो चाकाला गच्च धरून बसायचा. खंडारे चहा घेऊन बाहेर आले, तर वस्तादांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या, चाक इंच इंच सरकतंय, रबराचा जळका वास सुटलेला.

"वस्ताद, थांबा थांबा. लाइट गेली आहे."

वस्तादांनी पाय खाली टेकले. थोडा दम घेतला. मग म्हणाले, "असं काय? मले वाटलं, आता कुठं मशीन बराबरीत आली."

*

म्हातारा मात्र घंटीला दाद देईना. घंटी वाजली की थांबायचा. म्हणायचा, शाळा सुटली. म्हणून खंडारेंनी घंटी काढून मित्राचा टेपरेकॉर्डर जोडला. वेग पडला की त्यातून खंडारेंचाच आवाज यायचा, "बाबा, थोडा जोर लावा."

म्हातारा टेपकडे बघून म्हणाला, "तू ये, बस, अन् तूच लाव."

शेवटी खंडारेंनी बायकोला गळ घातली. शांताबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. पण घरात सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही आणि चहाचा कप ठेवतानासुद्धा शब्द निघायचा नाही. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि एक वाक्य टेपवर भरलं.

"मामाजी, थांबू नका. चांगलं चाललं."

म्हाताऱ्यानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खांद्यावरचा शेला नीट केला आणि पायडल मारायला लागला. त्या दिवशी थांब म्हणायची पाळी खंडारेंवर आली.

*

पुढं पाय सुधारला. काठी धरून म्हातारा अंगणात जाऊ लागला. डॉक्टर खूश होते. खंडारे मात्र काळजीत. रविवारी मला घरी बोलावून म्हणाले, "रिले दगा देतो आहे. पायात जोर आहे, तरी वेग घडीघडी पडतो. टेप सारखी लागते."

त्यांनी डबा उघडला आणि टेस्टर घेऊन त्यात डोकं घातलं. मी बाजूला बसून बघत होतो. म्हातारा झपझप पायडल मारत होता. मग एकाएकी सावकाश झाला. टेप लागली.

"मामाजी, थांबू नका. चांगलं चाललं."

"नाही थांबत, बाई," म्हातारा हळूच म्हणाला. "वांग्याची भाजी आज लय मस्त झाली होती."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

खंडारेंनी डब्यातून मान वर केली नाही. "बघितलं? पुन्हा पडला वेग."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. खंडारेंनी रिले बदलले होते. मधल्या दिवसांत शांताबाईंनी टेपरेकॉर्डर मागून घेतला होता, एवढं ते म्हणाले. कशाला, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

म्हातारा बसला. थोडा वेळ जोरात, मग सावकाश. टेप लागली.

"मामाजी, भाजीत मीठ बरोबर होतं का?"

म्हाताऱ्याचे पाय थांबले. त्यानं टेपकडे पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"थोडंसं कमी होतं, बाई."

आतून आवाज आला, "बरं."